शेंगांची बाटली

गिरजे, आपलं भांडण अर्धवट टाकून गेलीस. ही तुझी जुनीच खोड. ऐन रंगात आलेलं बोलणं सोडून तुला चुलीवरचं दूध आठवायचं, नाहीतर दारात आलेली गाय दिसायची, आणि तू उठून जायचीस. माझं वाक्य तोंडातच राहायचं. परत येऊन पदराला हात पुसत विचारायचीस, "हं बाई, काय म्हणत होत्या?" या वेळीही मी बसून राहिले होते.

तुझे दिवस झाले. आले-गेले पाहुणे आपापल्या गावी गेले. आपल्या सावली गावातल्या बायका मला रस्त्यात थांबवून विचारतात, मास्तरीणबाई, आता घराचं कसं करणार? मी सांगते, होईल. घराचं होतंच कसंतरी. मला काळजी किसनाची आहे. ती तुलाही होती. तू ती कधी दाखवली नाहीस आणि मी कधी लपवली नाही, एवढाच फरक. माझा भाऊ पुन्हा पिणार की नाही, या एका प्रश्नावर आपण दोघी एका चुलीपाशी बसून वर्षानुवर्षं भांडलो. लोकांना वाटायचं, नणंद-भावजयीचं कशावरून तरी बिनसलं आहे. बिनसलं काही नव्हतं. जीव एकाच माणसात होता आणि अक्कल दोघींची वेगळी होती.

मला दारूचं भय कशामुळे बसलं ते तुला ठाऊक होतं. राजुऱ्याच्या सासरी माझा संसार मोहाच्या दारूने खाल्ला. नवरा गेला तेव्हा मी रडलेही नाही, इतकी थकले होते. एक पेटी घेऊन माहेरी आले, शाळेत लागले, आणि वर्षभरात पाहते तर माझा सख्खा भाऊ त्याच वाटेने निघालेला. किसना जंगलातल्या सरकारी बंगल्यावर स्वयंपाकी. साहेब दौऱ्यावर यायचे, शिकारीचे पाहुणे यायचे, आणि जेवणं झाली की पेल्यांच्या बुडाशी राहिलेलं हा धुण्याआधी संपवायचा. पेल्यांपासून भट्टीपर्यंत जायला कितीसा वेळ लागतो? तू लग्न होऊन आलीस तेव्हा त्याला बैलगाडीत घालून घरी आणायचे.

तू आरडाओरडा केला नाहीस. माहेरी निघून गेली नाहीस. शिवरात्रीला त्याला मार्कंड्याच्या जत्रेला घेऊन गेलीस. वैनगंगेचं पाणी ओंजळीत घेऊन त्याने शपथ घेतली, ओठाला लावणार नाही. मला वाटलं, चार दिवसांचं सोंग आहे. पण त्याने पाळली. मी रोज त्याच्याजवळून जाताना श्वास ओढून पाहायची, आणि तू ते पाहून न पाहिल्यासारखं करायचीस.

आणि मग त्याच घरात तू मोहाची दारू आणलीस. एका दिवसापुरती नव्हे, मुक्कामाला.

ते व्हॅनिलाच्या शेंगांचं खूळ आपल्या घरात शिरलं ते बंगल्यावरच्या जुन्या साहेबांच्या दक्षिणेकडच्या बाईंमुळे. त्यांच्या साहेबांची बदली झाली तेव्हा जाताना त्यांनी किसनाला चहाच्या डब्यात घालून त्या शेंगा दिल्या. काळ्या, तेलकट, वाळल्या गांडुळासारख्या. त्याच्या हातच्या कस्टर्डवर बाईंचा जीव होता. त्यात घालायचं इसेन्स नागपूरहून यायचं, आणि पावसाळ्यात नाल्यांना पूर आले की तेही यायचं नाही. बाई म्हणाल्या, घरीच कर. शेंगा उभ्या चिरायच्या, कडक दारूत बुडवायच्या, अंधारात ठेवायच्या आणि दोन-तीन महिने विसरून जायचं.

किसनाने घरी येऊन सगळं सांगितलं, फक्त 'दारूत' हा शब्द गाळला. मी ओट्यावर बसले होते ना. माझ्या भीतीने त्याने नुसतं 'बुडवायच्या' म्हटलं आणि तू बिचारीने त्यातल्या एकीचा काढा केलास. अडुळशासारखं उकळ उकळ उकळलंस. एक चांगली शेंग वाया गेली आणि पातेल्यात गढूळ पाणी उरलं. तू त्याच्यासमोर पातेलं ठेवून म्हणालीस, खरं काय ते सांगा. त्याने खाली मान घालून सांगितलं. मला वाटलं, विषय संपला. बाईंच्या शेंगा आता उकिरड्यावर जातील.

दुसऱ्या दिवशी तू गोंडटोल्याच्या वस्तीवर, भट्टी लावणाऱ्या सोमीबाईकडे जाऊन पहिल्या धारेची घेऊन आलीस. सोमीबाईने देण्याआधी रीतीप्रमाणे चार थेंब मातीत शिंपडले, घरच्या मेलेल्यांसाठी, आणि विचारलं म्हणे, कोण आजारी आहे? तू म्हणालीस, शेंगा आजारी आहेत. हे तू मला हसत सांगितलंस आणि मी ताट सरकवून उठले. त्या दिवशी मी जेवले नाही. तू विनवण्या केल्या नाहीस, माझं ताट झाकून ठेवलंस आणि बाटली धान साठवायच्या ढोलीमागे अंधारात ठेवून दिलीस.

मी म्हटलं, सापाला दूध पाजते आहेस. तू म्हटलंस, साप पेटाऱ्यात असला तर ठाऊक तर राहते, कुठी हाये. तुझ्याशी बोलण्यात कोण जिंकणार? दुसरी-तिसरी शिकलेली तू, पण वाद घालायला बसलीस की वकिलाने कोट काढून ठेवावा.

रोज सकाळी तू ती बाटली काढायचीस, दोन-चारदा हलवायचीस, उजेडात धरून पाहायचीस. पाण्यासारखी होती ती आधी चहासारखी झाली, मग गुळाच्या पाकासारखी. एकदा तू बूच काढून माझ्या नाकापाशी धरलीस. मी तोंड फिरवलं. तरी वास आलाच. पुढे मोहाचा, तो मी मेल्यावरही ओळखेन. आणि त्याच्या मागून दुसरा एक, गोड, ज्याला मला नाव देता येईना. तू म्हणालीस, नव्या बाळाच्या टाळूचा वास असाच असतो. तुझं बाळ सव्वा महिन्याचं होऊन गेलेलं. त्या दिवसापुरतं भांडण मी मिटवलं.

पण मी सांगत होते तेच झालं. नव्या साहेबांकडे पाहुणे येणार म्हणून किसनाने ती बाटली मुरायच्या आधीच उघडली. दुपारच्या जेवणाला कस्टर्ड केलं, चांगला चमचाभर अर्क घातला, आणि कस्टर्डला मोहाचा वास सुटला. पाहुण्यांनी वाट्या खाली ठेवल्या. साहेबांनी किसनाला व्हरांड्यात बोलावलं आणि सगळ्या गार्डांदेखत त्याचं तोंड हुंगलं. तोंडाला वास नव्हता, पण बाहीवर अर्क सांडला होता. साहेब म्हणाले, पिऊन स्वयंपाक करतोस, उद्यापासून येऊ नकोस. आणि माझा भाऊ गप्प राहिला. बायकोने अर्क केला हे सांगावं तर त्यातली दारू कुठून आणली ते सांगावं लागणार. सोमीबाईच्या टोल्यावर आबकारीची माणसं जाणार. शपथ पाळणारा माणूस दारुड्या ठरून घरी आला.

मी शाळेतून आले तर तो ओट्यावर बसलेला. मी जवळ गेले. वास आला. मी म्हटलं, "सुटली नाही ना शेवटी?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विहिरीवर जाऊन शर्ट धुवायला लागला.

तू शेतातल्या निंदणाहून आलीस, पायाला चिखल. त्याच्याकडून सगळं काढून घेतलंस. पाय धुतले नाहीस, चहा घेतला नाहीस. बाटली पदराखाली धरलीस आणि बंगल्याच्या वाटेला लागलीस. मी मागोमाग आले, तुला आवरायला. तू माझ्यापुढे अशी चालत होतीस की मला पळावं लागत होतं.

व्हरांड्यात साहेब खुर्चीवर. तू पायरी चढली नाहीस. खालूनच बाटली वर धरलीस. "साहेब, वास माणसाच्या तोंडाचा नाई, या बाटलीचा हाये. हे मी केलं. घ्या, हुंगून पाहा."

साहेबांनी हुंगली. पुन्हा हुंगली. मग त्यांनी तेच विचारलं ज्याला मी भीत होते, ही दारू आणली कुठून? तू म्हणालीस, "जंगलातली हाये साहेब. जंगल तुमच्याच खात्याचं."

मागे उभा गार्ड खोकला. साहेबांनी बाटली परत दिली. मग म्हणाले, बाटली नीट तयार झाल्याशिवाय बंगल्यात आणायची नाही, आणि स्वयंपाक्याला उद्या वेळेवर पाठव. एवढंच. माफी वगैरे मागायची साहेबांची रीत नसते.

परतताना तू खाली मान घालून चालत होतीस. मला वाटलं, भेदरली असशील. गावाच्या शिवेवर येऊन थांबलीस आणि म्हणालीस, "साहेबानं हुंगलं त्याचं त्यायले काई नाई वाटलं. तुम्ही हुंगलं, बाई."

मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आता देते. मी पुन्हाही हुंगलं असतं. नवऱ्याच्या तोंडाला येणारा वास मी आधी बरेच दिवस ओळखायचा नाही असं ठरवलं होतं. काय झालं ते तू जाणतेस. ज्याच्यावर जीव आहे त्याचा संशय घ्यायचा नाही, हे शहाणपण मला परवडणारं नव्हतं. तू मला वाईट म्हण. पण माझ्या जागी उभी राहून म्हण.

त्या संध्याकाळी तू बाटली ढोलीमागे परत न ठेवता मिठाच्या बरणीशेजारी, उघड्या फळीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलीस. मी म्हटलं, हे आता मुद्दाम. तू म्हणालीस, हो, मुद्दाम. "जे लपवून ठेवा लागते ना बाई, ते सुटलं नाई. समोर राहून सुटलं, तरच सुटलं." मी म्हटलं, माणसाची परीक्षा रोज घ्यायची नसते, एखाद्या दिवशी तो नापास होतो, मी पोरांना शिकवते, मला कळतं. तू म्हणालीस, तुमच्या शाळेतली पोरं आणि माहा नवरा एक नाई.

मग ती तिथेच राहिली. सोमीबाईने तुला तीच दारू पुन्हा एकदा हांडीतून उतरवून द्यायला सुरुवात केली, तू ती कोळशातून गाळायचीस, आणि मोहाचा वास खरंच मागे पडला. शेंगा त्याच, कमी झालं की वरून भर. किसना बंगल्यावर निघताना स्वतः बाटली उतरवायचा, औषधाच्या छोट्या शिशीत लागेल तेवढं ओतून घ्यायचा, बूच लावून परत ठेवायचा. मी चुलीपाशी भाकरी थापत असायची आणि माझे कान त्या बुचाकडे असायचे. तुझी फळीकडे पाठ असायची. तू कधी वळूनही पाहिलं नाहीस. ते खरं होतं की तूही माझ्यासारखीच कान देऊन असायचीस? हे मला विचारायचं होतं. रोज उद्यावर टाकत गेले.

आणखी एक वाद राहिला. कस्टर्डमध्ये गेलेली दारू, दारू राहते का? तू म्हणायचीस, उडून जाते. मी म्हणायची, पण अर्क तर खाली उतरवून निवल्यावर घालतात, नाहीतर वास उडतो, असं तूच सांगतेस. मग वास राहतो आणि दारू तेवढी उडते, हे कुठलं शास्त्र? तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, बाई, तुम्ही ज्याले त्याले पकडता. त्यावरून मी तुझं काहीही, खीर असो की कस्टर्ड, त्या बाटलीचं तोंडाला लावलं नाही. तू दर वेळी माझी वाटी आधी वेगळी काढायचीस, बिनअर्काची. एकदाही विसरली नाहीस, एकदाही चोरून घातलं नाहीस. माझ्या सासरच्या अख्ख्या गोतावळ्यात मला इतका मान कुणी दिला नव्हता. हे तुला सांगायला हवं होतं. भांडणातून सवड मिळाली नाही.

शेवटच्या तापात तुला अन्न चालेना तेव्हा तू दुधात दोन थेंब मागितलेस. मीच घातले. बाटलीला माझा हात पहिल्यांदा लागला. तू वाटी तोंडाशी नेलीस, वास घेतलास आणि परत दिलीस. मला वाटलं, काहीतरी बोलशील. तू नुसती माझ्याकडे पाहून हसलीस, ओठ फुटलेले असताना.

आता पुढचं, जे तुला ठाऊक नाही.

दुखवटा सोडवायला नदीपलीकडून तुझा भाऊ आला, चुलते आले. तुमच्याकडची रीत मला माहीत नव्हती. मेलेल्या बाईचा नवरा जोवर माहेरच्यांच्या हातून एक घोट घेत नाही, तोवर त्या माहेराचं सुतक उतरत नाही. त्यांच्या घरी लग्न उभं राहत नाही, देवाला दिवा लागत नाही. तुझ्या भावाने पळसाच्या पानाचा द्रोण पुढे केला. मोहाची. किसना हात जोडून बसला. म्हणाला, माही शपथ हाये. चुलते म्हणाले, शपथ तिच्यासाठीच घेतली होती ना? मग तिच्यासाठीच घे. तिला मोकळी कर.

मी आतून बाहेर आले. बायकांनी बोलायचं नसतं त्या ठिकाणी बोलले. म्हटलं, द्रोण मातीत ओता, तिला तिथेच पोचेल. तुझा भाऊ माझ्या पाया पडला, गिरजे. म्हणाला, बाई, आम्ही का त्याचं वाईट करून राह्यलो? बहीण आमचीही गेली. तो रडत होता. त्याच्यावर मला रागावता येईना.

किसना उठला, आत गेला. फळीवरून तुझी बाटली घेऊन आला. दुसऱ्या द्रोणात थोडी ओतली आणि तुझ्या भावाच्या हातात दिली. "द्या तुमच्या हातानं. तिच्या हातची हाये, हेच घेतो." त्याने घोट घेतला. सगळा ओटा व्हॅनिलाच्या वासाने भरला. तुझ्या भावाने डोळे पुसले, म्हाताऱ्यांनी मान हलवली, आणि रीत पुरी झाली.

लोकांच्या लेखी तो खिरीत घालायचा अर्क होता; ते म्हणाले, काय माणूस आहे, शपथही राखली आणि बायकोचा मानही. मी मात्र त्याचा गळा पाहत होते. तो घोट त्याने लगेच गिळला नाही. तोंडात धरून बसला, डोळे मिटून. तुला आठवून बसला होता की जुन्या चवीला, मला कळलं नाही. ती दारू तुझी असली तरी दारूच होती, हे तिथे त्याच्याशिवाय फक्त मला माहीत होतं.

त्यानंतर तो कामावर गेला नाही. अंगणात बसायचा. फळीकडे पाठ करून जेवायचा. मी काही विचारलं नाही, आणि देवाशपथ सांगते, जवळ जाऊन श्वासही ओढला नाही.

आज बंगल्यावरून निरोप आला, साहेब येणार आहेत, दुपारला कस्टर्ड हवं. किसनाने अंघोळ केली, स्वच्छ शर्ट घातला. छोटी शिशी हातात घेतली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबला. आत आला नाही. मी भाकरी थापत होते. शिशी माझ्यापुढे धरून म्हणाला, "बाई, तूच काढून दे. आणि बाटली तुह्या पेटीत ठेव, कुलूप लावून. माहा मले भरोसा नाई."

मी पिठाच्या हातानेच उठले. अर्क ओतून दिला. तो गेल्यावर माझ्या साड्यांच्या तळाशी बाटली ठेवली आणि कुलूप लावलं. म्हणजे माझंच खरं होतं, गिरजे. इतकी वर्षं जे तुला पटवत होते ते आज तुझ्या नवऱ्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. किल्ली कमरेला लावून मी चुलीपुढे बसले तर तव्यावरची भाकरी जळून गेलेली. तू असतीस तर म्हणाली असतीस, घ्या बाई, जिंकल्या एकदाच्या. पण मला हे भांडण जिंकायचं नव्हतं गं. या एकाच भांडणात मला तुझ्याकडून हरायचं होतं.